एक जुनी शेव्हेल, एक मस्टँग आणि एक सिव्हिक: चाळीस हजार डॉलर्सच्या निर्णयाचं प्रकरण

हे प्रकरण लिहिताना माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ज्याच्यापुढे प्रश्न उभा होता तो माझा जुना मित्र. मी या सगळ्यात सल्लागार म्हणून होतो, त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे आणि तो मी लिहिणार आहे.

पार्श्वभूमी

मित्र पुण्याचा. १९९६ साली नोकरीसाठी मिशिगनला आला आणि डेट्रॉइटच्या उत्तरेला ओकलंड काउंटीत स्थायिक झाला. घरात तो, वहिनी आणि नोकरीला लागलेला मुलगा. लहानपणी त्याच्या वडिलांकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट होती. अकराशे सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर आणि त्यात सहा माणसं बसून महाबळेश्वरचा घाट चढायचा. त्याच काळात रद्दीच्या दुकानातल्या एका अमेरिकन मासिकात त्याने शेव्हर्ले कंपनीच्या १९७० च्या शेव्हेल गाडीचं चित्र पाहिलं. लाल रंग, बॉनेटवर दोन रुंद काळे पट्टे. ते पान त्याने कापून कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. मी ते स्वतः पाहिलेलं आहे, कारण शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो.

ज्या भागात तो राहायला आला, तिथून वुडवर्ड अॅव्हेन्यू जवळ. साठच्या दशकात कारखान्यांत काम करणारी तरुण पोरं रात्री याच रस्त्यावर आपापल्या गाड्यांची शर्यत लावायची. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, फर्नडेलपासून पाँटिअॅकपर्यंत. मित्र वीसेक वर्षं घडीची खुर्ची घेऊन तिथे जाऊन बसायचा.

शेजारी एक आजी राहतात. त्यांचे यजमान गाडीच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. ते वारले आणि त्यांच्या गॅरेजात पाच वर्षं चादरीखाली उभी असलेली गाडी आजींनी विकायची ठरवली: १९७० ची शेव्हेल एसएस ३९६, म्हणजे शेव्हेलची मोठ्या इंजिनाची आवृत्ती, चार गिअरांची मॅन्युअल. रंग लाल नव्हता, गडद निळा होता. आजींनी मित्राला बोलावून सांगितलं, "बाहेर जाहिरात द्यायच्या आधी तुला विचारते. बेचाळीस हजार."

अडचण

अडचण पैशांची होती, आणि ती वेळेची जास्त होती. मित्राची रोजची अकॉर्ड एक लाख नव्वद हजार मैल झालेली आणि मिशिगनच्या हिवाळ्यातल्या मिठाने तिचा मागचा सांगाडा खाल्लेला. मेकॅनिकने स्पष्ट सांगितलं होतं, पुढचा हिवाळा या गाडीवर काढू नका. म्हणजे रोज कामाला जायला गाडी हवीच होती. हाताशी होते साधारण चाळीस हजार डॉलर्स.

तीन माणसांची तीन मतं होती. मित्राला शेव्हेल हवी होती. वहिनींचं म्हणणं, "एक चांगली गाडी घ्या, ती रोज वापरा, आणि तीच मजेचीही असू दे." त्यासाठी त्यांनी चार वर्षं वापरलेली २०१५ ची फोर्ड मस्टँग जीटी शोधूनही ठेवली होती. मुलाकडे २०१७ ची होंडा सिव्हिक एसआय होती. तो म्हणाला, "बाबा, माझ्यासारखीच एक घ्या, उरलेले पैसे ठेवा. शेव्हेल माझ्या गाडीपेक्षा वेगवान नाहीये."

या शेवटच्या वाक्यावर बापलेकांचं दोन दिवस बोलणं बंद होतं. मग मित्राने मला फोन केला, कारण मी इंजिन-चाचणीच्या कामात आहे. "तू आकडे मांड," तो म्हणाला. "आकडे खोटं बोलत नाहीत."

आकडे मांडताना पहिला अडथळा

इथे मला थांबावं लागलं, कारण त्याच्याकडचे आकडे एका मापातले नव्हतेच. त्याच्या वहीत लिहिलं होतं: शेव्हेल ३५० हॉर्सपॉवर, मस्टँग ४३५, सिव्हिक २०५. वरवर पाहता शेव्हेल मधोमध बसते, मस्टँगच्या जवळ, सिव्हिकच्या खूप पुढे.

पण १९७१ पर्यंत अमेरिकेत जाहिरातीत छापली जायची ती 'ग्रॉस' हॉर्सपॉवर. इंजिन स्टँडवर चढवायचं, हवेचा फिल्टर काढायचा, अल्टरनेटर आणि पंखा जोडायचा नाही, सायलेन्सरच्या जागी मोकळा पाइप, इग्निशन सर्वांत फायद्याच्या जागी, आणि मग जो आकडा येईल तो छापायचा. १९७२ पासून सगळ्या कंपन्या 'नेट' आकडा देऊ लागल्या: गाडीत जसं बसतं तसं, सगळी ओझी लावून. १९७१ या एका वर्षी जनरल मोटर्सने दोन्ही आकडे छापले, म्हणून तुलना करता येते. त्या वर्षीच्या कॉर्व्हेट या शेव्हर्लेच्या स्पोर्ट्स गाडीच्या एलटी-१ इंजिनाचे ग्रॉस ३३०, नेट २७५. इंजिन तेच, फक्त मोजायची पद्धत वेगळी. त्या हिशेबाने शेव्हेलचे ३५० हे आजच्या मापात तीनशेच्या थोडे खाली येतात.

गाडीच्या नावातला आकडाही, म्हणजे घनइंचांत सांगितलेला इंजिनाचा आकार, तपासून घ्यावा लागतो. १९७० च्या एसएस ३९६ मध्ये प्रत्यक्षात ४०२ घनइंचांचं, म्हणजे साधारण ६.६ लिटरचं इंजिन आहे. '३९६' या नावाला बाजारात वजन होतं म्हणून ते तसंच ठेवलं. सिव्हिक एसआयचं इंजिन दीड लिटरचं, टर्बो लावलेलं. इंजिनाचा आकार चौपटीहून मोठा, तरी त्या काळच्या चाचण्यांत शेव्हेल शून्य ते साठ मैल जायला साडेसहा-सात सेकंदांच्या आसपास घ्यायची. एसआय जवळपास तेवढाच वेळ घेते. शेव्हेलचे त्या काळचे टायर आणि सतराशे किलोंचं वजन हीही कारणं आहेतच. पण मुलगा म्हणत होता ते खोटं नव्हतं. मस्टँग तर दोघींच्या खूपच पुढे.

इंधनाचा हिशेब सरळ होता. मित्र वर्षाला पंधरा हजार मैल चालवतो. शेव्हेल गॅलनला बारा मैल धरली, म्हणजे लिटरला पाच किलोमीटर, तर १,२५० गॅलन, तेही महागडं प्रीमियम, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जायचं प्रमाण, सव्वादहाला एक. मस्टँग जीटी सरकारी आकड्यानुसार सरासरी १९ मैल, म्हणजे जवळपास ७९० गॅलन. एसआय ३२ मैल, म्हणजे ४७० च्या आत.

मी हे सगळं कागदावर मांडून त्याच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. शेव्हेल प्रत्येक रकान्यात हरत होती. तो बराच वेळ कागद बघत राहिला आणि म्हणाला, "मग लोक हिच्यासाठी एवढं का देतात?" सल्लागार म्हणून खरं तर हा प्रश्न मीच पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

मधली वर्षं

उत्तर शोधायला मधला इतिहास बघावा लागतो, आणि मला तो मनापासून आवडतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

१९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटिअॅक विभागातल्या अभियंत्यांनी, त्यांत जॉन डेलोरियन प्रमुख, एक युक्ती केली. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. त्यांनी मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचांचं इंजिन टेम्पेस्ट लेमान्स या मध्यम गाडीत टाकलं आणि नव्या मॉडेलऐवजी 'जादा पर्याय' म्हणून विकलं. तोच जीटीओ. मुळात ती साधी घरगुती गाडीच होती: साधा सांगाडा, साधी आसनं, फक्त इंजिन मोठं. किंमत अशी की वर्षभर कारखान्यात राबलेल्या पोराला हप्त्यांवर परवडावी. १९६८ च्या प्लिमथ रोडरनरची मूळ किंमत तर तीन हजार डॉलर्सच्या आत होती.

नंतर सगळं एकदम आलं. सत्तरच्या सुमाराला विमा कंपन्यांनी तरुण चालकांसाठी या गाड्यांचे हप्ते भरमसाठ वाढवले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने गाडीच्या धुरातले मुख्य घटक नव्वद टक्क्यांनी कमी करायला सांगितले. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने कमी शिश्याच्या पेट्रोलसाठी सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या, १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. १९७५ पासून धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुतेक नव्या गाड्यांना लागले. त्या वर्षी कॉर्व्हेटचं मूळ इंजिन फक्त १६५ हॉर्सपॉवरचं होतं. त्याच वर्षी होंडाच्या छोट्या सिव्हिकचं सीव्हीसीसी इंजिन कन्व्हर्टर न लावता धुराचे नियम पार करून गेलं.

ज्यांना मसल कार, म्हणजे मोठं इंजिन बसवलेल्या अशा साध्या गाड्या, आवडतात ते बहुतेक इथे हळहळून थांबतात. माझ्या धंद्यामुळे मला पुढचं दिसतं. मायलेज आणि धूर सांभाळण्यासाठी इंधनाचं इंजेक्शन आलं, ऑक्सिजन सेन्सर आला, ठोका ऐकणारा सेन्सर आला, सगळ्यावर नजर ठेवणारा संगणक आला. काटकसरीसाठी बनवलेली हीच हत्यारं पुढे शक्तीसाठी कामी आली. १९८७ ची ब्यूक जीएनएक्स पाहा: सहा सिलिंडर, ३.८ लिटर, टर्बो, आणि छापील २७६ हॉर्सपॉवर नेट. मस्टँग जीटी १९८२ मध्ये १५७ वर होती, १९८७ मध्ये २२५ वर आली आणि २०१५ मध्ये ४३५ वर. कन्व्हर्टर लावून, शिसंविरहित पेट्रोलवर, आणि पूर्वीच्या गाड्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ धूर सोडत.

हे ऐकून मुलगा म्हणाला, "काका, म्हणजे जीटीओचा खरा वारस माझी गाडी आहे. साध्या गाडीचं शरीर, आत ताकदवान इंजिन, आणि माझ्या पगारात बसते." मला हे पटलं, अजूनही पटतं. १९७० मध्ये शेव्हेल ज्या पोरासाठी बनली होती, तो पोरगा आज एसआयच घेईल. बेचाळीस हजारांची शेव्हेल ही त्या काळातून उरलेली वस्तू आहे. ती विकत घेताना आपण ती वस्तू घेतो, तिचं जुनं काम नव्हे. पुढे जे जे ठरलं त्याचा पाया हा होता.

पर्याय

कागदावर तीन पर्याय उरले. एक, मस्टँग जीटी, एकच गाडी, वर्षभर. दोन, सिव्हिकसारखी गाडी आणि बाकीचे पैसे शिल्लक. तीन, भाव उतरला तर शेव्हेल आणि रोजच्या कामाला एखादी स्वस्त, जास्त मायलेजची जुनी गाडी. अकॉर्ड डागडुजी करून चालवायची आणि शेव्हेल घ्यायची हा चौथा पर्याय मित्राने मांडला होता, पण वहिनींनी तो तिथल्या तिथे खोडला. त्या दर हिवाळ्यात पहाटे त्या रस्त्यावरून रुग्णालयात कामाला जातात. त्यांच्या शब्दाला वजन होतं.

मी सुचवलं, एका दिवशी तिन्ही गाड्या चालवून पाहू. शेव्हेल बंद होती, म्हणून जुनी बॅटरी काढली, टाकीतलं राळ झालेलं पेट्रोल बाजूला ठेवून बाहेरच्या डब्यातून नळी जोडली, आणि आजींच्या घरासमोरच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी तीस मैलांच्या आत फिरवली. मस्टँग विक्रेत्याकडे. सिव्हिक मुलाची.

मस्टँगने मित्र थक्क झाला. थेट रस्त्याला चिकटून पळते, ब्रेक दाबला की थांबते, घसरायला लागली तर संगणक सावरतो. विक्रेत्याकडून परत येताना तो म्हणाला, "ऐंशीला काही वाटलंच नाही रे. मजा यायला शंभर पाहिजे, आणि शंभरला दंड." सिव्हिकमध्ये त्याला गिअर टाकायला आवडलं, आणि इंजिन लहान असूनही मिनिटाला २,१०० फेऱ्यांपासूनच ओढतं याचं आश्चर्य वाटलं.

शेव्हेल तीस मैलांवर होती. स्टिअरिंगला मधोमध बोटभर खेळ, क्लच पायाला जड, समोर बॉनेट एवढं लांब की कोपरा कुठे संपतो कळत नाही. पण पहिल्या गिअरमध्ये पेडल जरासं दाबलं तर सबंध गाडी उजवीकडे झुकून मग पुढे गेली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी इथे लिहायचा प्रयत्न करत नाही. मुलगा मागच्या सीटवर होता. उतरताना तो म्हणाला, "ठीक आहे बाबा. ही वेगळी गोष्ट आहे." त्या दिवसापासून त्यांचं बोलणं सुरू झालं.

निर्णयाचा कठीण टप्पा: शिक्का

शेव्हेल घ्यायची तर ती खरी एसएस आहे का हे तपासणं गरजेचं. १९६९ पासून शेव्हेलमध्ये एसएस हा फक्त एक पर्याय होता, झेड२५ नावाचा. त्यामुळे गाडीच्या ओळख-क्रमांकावरून एवढंच कळतं की ही आठ सिलिंडरची मालिबू आहे. शेव्हर्लेने त्या काळच्या नोंदीही जपून ठेवलेल्या नाहीत. पाँटिअॅकच्या गाड्यांची मूळ कागदपत्रं अजून मागवता येतात, शेव्हेलची नाहीत. म्हणून साध्या मालिबूला पट्टे आणि बिल्ले लावून 'एसएस' म्हणून विकलेल्या गाड्या बाजारात खूप आहेत.

पुरावा दोन ठिकाणी मिळू शकतो. कारखान्यात जोडणी करणारे कामगार ज्या कागदावरून भाग निवडायचे, तो कागद कधीकधी पेट्रोलच्या टाकीवर नाहीतर सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहतो. आणि इंजिनाच्या उजव्या हेडपुढे एक सपाट पट्टी असते, तिच्यावर इंजिनाचा कोड आणि गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो.

टाकी साफ करायला उतरवावीच लागणार होती. ती उतरवली तेव्हा वरच्या बाजूला गंजाने चिकटलेला, अर्धा फाटलेला कागद निघाला. त्यावर झेड२५ दिसत होतं. गाडी खरी एसएस होती. मित्र जमिनीवर बसून हसत होता.

मग मी इंजिनावरची पट्टी घासून साफ केली. ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. ब्लॉकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरची, ओतकामाची तारीख पाहिली, वर्षाच्या जागी आकडा २. ४०२ घनइंचांचं हे इंजिन १९७० ते १९७२ एवढ्याच काळात निघालं, म्हणजे हा ब्लॉक १९७२ चा. गाडी खरी होती, इंजिन बदललेलं होतं. बाजारात या एका गोष्टीने किंमत हजारोंनी उतरते.

आणि आजी मागे उभ्या होत्या. मी उत्साहात मोठ्याने म्हणालो, "हे मूळ इंजिन नाही." त्या म्हणाल्या, "माझे यजमान आयुष्यभर म्हणायचे, मूळ आहे." त्या आत निघून गेल्या. ही माझी चूक, आणि या प्रकरणातली सर्वांत वाईट चूक. आधी मित्राला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं आणि आजींना काय, कसं सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवायला हवं होतं. यंत्राबद्दलचं सत्य सांगण्याची घाई करताना मी हे विसरलो की ते वाक्य एका गेलेल्या माणसाच्या शब्दाबद्दलही होतं.

त्या रात्री टेबलावर वाद झाला. मुलाचं मत, आता भाव निम्म्यावर आणा. माझं मत, भाव ठरवणं आपलं काम नाही, स्वतंत्र मूल्यांकन करणारा माणूस बोलवा. मित्र गप्प होता. सकाळी तो एकटा आजींकडे गेला, कॉफी प्याला, आणि विचारलं की गाडी यजमानांनी कधी घेतली. उत्तर मिळालं: १९७४ च्या जानेवारीत, कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून. तेलटंचाईत अशा गाड्यांना कोणी विचारत नव्हतं, अगदी मातीमोल भावात मिळाली. म्हणजे इंजिन बदललं गेलं ते बहुधा पहिल्या मालकाच्या हातून, गाडी यजमानांकडे यायच्या आधी. त्यांना जे सांगितलं गेलं तेच ते म्हणत आले होते. मित्राने हे आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे ते खोटं बोलले नाहीत." त्यांना फक्त एवढंच हवं होतं.

काय केलं

मूल्यांकनाचे पैसे मित्राने दिले आणि अहवालाची प्रत आधी आजींच्या हातात दिली. अहवालात तीस ते तेहेतीस हजार लिहिलं होतं. आजी अठ्ठावीसला द्यायला तयार होत्या. व्यवहार साडेएकतीस हजारांवर झाला. उरलेल्या पैशांत पाच वर्षं जुनी, साधी, टर्बो नसलेली सिव्हिक रोजच्या कामाला घेतली. चाळीस हजार तिथेच संपले. शेव्हेलच्या दुरुस्तीचे पैसे पुढच्या पगारांतून आले, आणि हे आधी मांडलं नव्हतं.

दुरुस्तीत ब्रेकच्या सगळ्या पोलादी नळ्या बदलल्या, कारण त्या आतून गंजल्या होत्या. पुढे डिस्क, मागे ड्रम, ते तसंच ठेवलं. चाकं मूळ, टायर मात्र नवे रेडियल. इंजिनात जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं तेल, कारण जुन्या सपाट टॅपेटच्या कॅमला, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याला, ते लागतं. विमा ठरलेल्या किमतीचा घेतला. त्याची अट होती की गाडी बंद गॅरेजात राहील आणि घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी असेल. ही अट आमच्या निर्णयाशी चपखल जुळली. मिशिगनची ऐतिहासिक वाहनांची पाटी लावली. तिच्यावर मेळे, मिरवणुका यांसाठी फिरता येतं, आणि फक्त ऑगस्ट महिन्यात एरवीच्या वापरालाही.

सुरक्षिततेवर वहिनींनी स्वतंत्र बैठक घेतली असं म्हणायला हरकत नाही. २००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची मालिबू समोरासमोर आदळवून दाखवली होती. जुन्या गाडीत चालकाची जागाच उरली नाही. शेव्हेल त्याहून अकरा वर्षं नवी आहे, आदळल्यावर आत दबणारा स्टिअरिंगचा दांडा आणि खांद्याचे पट्टे तिच्यात आहेत. पण एअरबॅग नाही, एबीएस नाही आणि दाराच्या मागे खांबही नाही. ठरलं ते असं: फ्रीवेवर नेणार नाही, पावसात नेणार नाही, लहान मुलांना बसवणार नाही. मित्राने कुरकुर न करता मान्य केलं.

परिणाम

दोन वर्षांनंतर सिव्हिक सत्तावीस हजार मैल चालली होती, शेव्हेल एकोणीसशे. दोघींकडून जे हवं होतं ते मिळालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मित्र पहिल्यांदा खुर्ची न घेता वुडवर्डवर गेला. आजी शेजारच्या सीटवर होत्या. त्यांनी येताना यजमानांची कारखान्याची टोपी आणली होती.

एक प्रसंग मात्र वाईट होऊ शकला असता. पहिल्या उन्हाळ्याच्या अखेरीला वहिनींना रात्री झोपायच्या खोलीत पेट्रोलचा वास आला. गॅरेज त्या खोलीला लागून आहे. इंधनाच्या पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची रबरी नळी जुनीच होती. अमेरिकेतल्या आजच्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, आणि जुनं रबर त्याने फुगतं, मऊ होतं, चिरतं. नळी इंजिनाच्या गरम भागाजवळून जात होती. गळती थेंबाथेंबानेच होती, वॉटर हीटरच्या ज्योतीपर्यंत वाफ पोहोचली नाही. ब्रेकच्या नळ्या मी आठवणीने बदलायला लावल्या होत्या, इंधनाच्या नळ्या 'नंतर करू' म्हणून यादीच्या तळाला गेल्या होत्या. यादी माझ्याच हस्ताक्षरात होती.

मुलाने त्याच आठवड्यात सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, टाकीचं झाकण बदललं, गॅरेजात वाफेचा इशारा देणारा सेन्सर लावला. शेव्हेलची देखभाल आता तोच करतो.

पुन्हा करायचं झालं तर

गाडी चालवून पाहण्याआधी इंजिनाची पट्टी आणि ओतकामाची तारीख पाहू, आणि ते पाहताना विकणारा माणूस शेजारी असणार नाही अशी वेळ निवडू. जे सापडेल ते बसून, शांतपणे सांगू.

खरेदीच्या पैशातून किमान पाच हजार आधीच बाजूला काढू. पाच वर्षं उभी असलेली गाडी 'चालू' झाली म्हणजे तयार झाली असं होत नाही. दुरुस्तीच्या यादीत सगळ्यात वर आग लागू शकेल अशा गोष्टी, मग ब्रेक, मग बाकी सगळं.

हॉर्सपॉवरचे आकडे लिहिताना शेजारी 'ग्रॉस' की 'नेट' हे लिहूनच पुढे जाऊ. बापलेकांचे ते दोन दिवस वाचले असते.

मस्टँग नाकारली हे बरोबर होतं का, यावर मित्राचं आणि माझं अजून एकमत नाही. माझ्या मते रोज एकच गाडी चालवायची असलेल्या माणसासाठी तिच्याइतकी सर्वांगाने चांगली गाडी त्या पैशांत नव्हती. तो म्हणतो, त्याला एक गाडी नकोच होती. मुलगा तिसरंच काही म्हणतो. त्याने १९७० चा योग्य तारखेचा ब्लॉक शोधायला सुरुवात केली होती, पण आजींनी थांबवलं: "ते इंजिन त्यांनी चाळीस वर्षं चालवलं. राहू दे." १९७२ चा ब्लॉक गाडीतच आहे, आणि दर मार्चमध्ये चादर काढली की सर्वांत आधी इंधनाच्या नळ्या हाताने दाबून पाहिल्या जातात.